निघायच्या दिवशीचं धुणं

त्या आठवड्यात कॉलेजमागच्या झाडीत एकाच दुपारी तीन खून झाले, आणि तिन्ही खुन्यांनी मुखवटे एकाच दुकानातून आणले होते. झाडी म्हणजे तरी काय, पोहण्याच्या तलावामागची मूठभर झाडं. त्यात तीन गट, तीन कॅमेरे आणि तीन किंचाळणाऱ्या पोरी. एकीची किंकाळी दुसरीच्या शॉटमध्ये ऐकू यायची. इमोजेन नावाच्या पोरीच्या गटातला खुनी दुसऱ्या गटातल्या खुन्याकडे फोनचा चार्जर मागायला गेला, तो तिसऱ्याच गटाच्या कॅमेऱ्यात कायमचा सापडला.

मीडिया स्टडीज घेतलेल्या पोरांना शेवटच्या वर्षी भयपटाचा ट्रेलर करायचा असतो. भयपट नसतोच, नुसता ट्रेलर. नसलेल्या सिनेमाची लोकांना भीती घालायची आणि मग आपण ती कशी घातली यावर निबंध लिहायचा. असल्या कामात पोरं फार विचार करत नाहीत. झाडी, मुखवटा, सुरी, पळता पळता धडपडणारी मुलगी, काळा पडदा. झालं.

नेल हॅक्सबी मात्र या खुनांत नव्हती. सतरा वर्षांची ही पोर स्कारविकहून, म्हणजे यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातून, बसने कॉलेजला यायची. अंगाने बारीक, बोलायला कमी आणि हट्टाला पक्की. तिने वर्गात उभं राहून सांगितलं होतं की आपल्या ट्रेलरमध्ये सुरी नाही, मुखवटा नाही, झाडी नाही. एक वॉशिंग मशीन आहे.

"वॉशिंग मशीन," इमोजेन म्हणाली.

"हो."

"आणि ते काय करतं? माणसांना पिळतं?"

वर्ग खदखदला. नेलचा जोडीदार रोवन पिकार्ड, लीड्सहून दोन वर्षांपूर्वी इथे राहायला आलेला उंच, अघळपघळ मुलगा, तोही हसला. त्याचं हसू नेलने ध्यानात ठेवलं.

पहिला प्रयत्न त्यांनी रोवनच्या घरी केला, कारण नेलच्या आजीने आपल्या स्वयंपाकघरात कॅमेरा आणायला साफ नकार दिला होता. रोवनचं स्वयंपाकघर पांढरंशुभ्र, मशीन नवंकोरं. आत पुरुषाचा एक शर्ट गरगर फिरतोय, खाली संथ, घुमणारं संगीत. नेलला हे बघताना अंगावर काटा यायचा. शुक्रवारी वर्गात ते दाखवलं, दिवे लागले, आणि शिकवणाऱ्या मिस लोमॅक्सने नेहमीप्रमाणे विचारलं, "काय पाहिलंत? जॉनर, म्हणजे सिनेमाचा प्रकार, कुठला?"

"साबणाची जाहिरात," मागून कोणीतरी म्हणालं.

"पण डाग गेलाच नाही की शर्टाचा!"

"अगं, कंडिशनर घालायचा राहिला."

नेलचे कान तापले. मिस लोमॅक्स हसली नाही. ती कधीच कोणाला हसायची नाही, हा तिचा मोठा गुण. तिने थंडगार झालेल्या चहाचा कप बाजूला ठेवला.

"हे बघ नेल, जॉनर म्हणजे प्रेक्षकाशी केलेला करार असतो. ओळखीचं काहीतरी दिलंस की ते आत येतात, आणि अनोळखी काहीतरी दिलंस की बसून राहतात. या झाडीवाल्यांनी नुसतं ओळखीचं दिलं, त्यामुळे मला जांभया आल्या. तू नुसतं अनोळखी दिलंस. तुला त्या मशीनची भीती वाटते, हे मला दिसलं. पण का वाटते ते मला कुठून कळणार? सुरी बघून काय होणार ते सगळ्यांना कळतं, कारण आधीच्या शंभर सिनेमांनी ते शिकवून ठेवलंय. तुझ्या मशीनला कोणी काही शिकवलेलं नाही. ते तुलाच शिकवायचंय, दीड मिनिटात."

"मग शिकवते," नेल म्हणाली.

"दोन आठवड्यांनी, शुक्रवारी, परत दाखव. तेव्हाही कोणाला हॉरर आहे हे कळलं नाही, तर मात्र तू आणि रोवन इमोजेनच्या गटात जा. मी तुला नापास होऊ देणार नाही."

"आम्हाला अजून एक मरणारी हवीच आहे," इमोजेन म्हणाली. "पहिल्याच मिनिटाला मरणारी. बोलायला काही नाही."

नेल बसमध्ये चढली ती दात आवळूनच. मार्कांचं तिला फार नव्हतं. तिला राग आला होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपण आयुष्यभर ज्याला घाबरत आलो, ते आज वर्गापुढे मांडलं, आणि त्या लोकांना त्यात साबण दिसला.

कारण हॅक्सबींच्या घरात एक नियम होता. नेलचा बाप क्रेग मासेमारीच्या ट्रॉलरवर कामाला. स्कॉटलंडच्या बंदरातून बोट सुटायची, दहा-बारा दिवस समुद्रावर, मग थोडे दिवस घरी. ज्या दिवशी तो निघेल त्या दिवशी घरात धुणं करायचं नाही. एक मोजासुद्धा नाही. निघायच्या दिवशी कपडे धुतले तर माणूस धुऊन जातो, असं स्कारविकमध्ये सगळ्या जुन्या बायका मानायच्या, आणि नेलची आजी त्यांत पहिल्या नंबरची. आजी म्हणजे क्रेगची आई मॉरीन. नेल तिला नॅन म्हणायची. नेलची आई केव्हाच दुसऱ्या गावात दुसरा संसार मांडून बसली होती, त्यामुळे घरात या दोघी आणि अधूनमधून क्रेग, एवढंच. क्रेग निघायच्या दिवशी नॅन मळक्या कपड्यांच्या टोपलीवर टॉवेल झाकून ठेवायची, रेडिओ बंद करायची आणि कामाशिवाय बोलायची नाही. लहानपणी नेल त्या दिवशी शाळेतून आली की मशीनच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसायची, कोणी चुकून चालू करू नये म्हणून. जेवायलासुद्धा तिथेच. नॅन तिला ताट तिथे आणून द्यायची आणि का म्हणून कधी विचारायची नाही. या भीतीबद्दल त्या घरात आजवर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

गुरुवारी क्रेग घरी होता, बंदरावर मित्रांकडे गेलेला, आणि नॅन त्याचे सगळे कपडे धुवायला काढून बसली होती. रोवन पहिल्यांदाच या घरी आला. नॅनने त्याच्यापुढे चहा आणि सँडविच ठेवलं. हॅक्सबींचं मशीन जुनं, पिळायला लागलं की हादरत हादरत भिंतीपासून वीतभर पुढे यायचं. रोवन त्या आवाजावर खूश झाला.

"मिसेस हॅक्सबी, हा आवाज मी फोनवर रेकॉर्ड करू का? आमचं मशीन फारच सभ्य आहे."

"आवाज काय, घे की. कॅमेरा नाही आणायचा."

रोवनने फोन मशीनवर ठेवला आणि सँडविचचा मोठा घास घेतला. "वा! इकडच्या डुकराची चवच वेगळी."

नॅन ताडकन उठली आणि तिने ओव्हनच्या दाराची लोखंडी मूठ घट्ट धरली. रोवनचा घास तोंडातच राहिला.

"काय झालं?"

"तो शब्द या घरात काढायचा नाही," नेल म्हणाली. "लोखंडाला हात लाव. लाव लवकर."

रोवनने घाबरून चमचा धरला. नॅनने डोळे वटारले. "चमचा स्टीलचा आहे, बाळा. इकडे ये." तिने त्याचा हात ओढून मुठीवर ठेवला. "समुद्रावर जाणाऱ्यांच्या घरात त्या जनावराचं नाव घ्यायचं नसतं. खायचं, नाव घ्यायचं नाही."

"अजून काय काय करायचं नसतं?"

हे विचारून त्याने नॅनच्या हातात आयतं कोलीत दिलं. ती कमरेवर हात ठेवून त्याच्यावर बरसली. "घरात शीळ घालायची नाही, वारा येतो. माणूस निघाला की टाटा करायचा नाही. दारातून मागे बोलवायचं नाही, काही विसरला असला तरी नाही. आणि तो गेला त्या दिवशी धुणं करायचं नाही. का, ते विचारू नकोस. विचारायचंही नाही." मागे मशीन धडधडत होतं आणि फोन चालूच होता.

बाहेर आल्यावर रोवनने नेलचा दंड धरला. त्याच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं.

"नेल, हेच. अगं, हेच! प्रत्येक हॉररमध्ये एक नियम असतो बघ. तळघराचं दार उघडू नका. आरशासमोर नाव घेऊ नका. का उघडायचं नाही ते कोणी सांगत नाही, आणि सांगायची गरजही नसते. माझा समुद्राशी काही संबंध नाही, माझा बाप विमा कंपनीत खुर्चीत बसतो, तरी तुझ्या आजीने माझा हात धरला तेव्हा माझी टरकली. आपण मशीन आधी दाखवलं. आधी नियम दाखवायला हवा होता."

नेल पायरीवर बसली. मिस लोमॅक्सचं बोलणं तिला आत्ता कळलं. मशीन अनोळखी होतं, पण नियम सगळ्यांच्या ओळखीचा. नियम, मग तो मोडायला निघालेला हात, मग जे होऊ नये ते. हा सांगाडा झाडीवाल्यांचाच. त्यात रक्त-मांस मात्र स्कारविकचं भरायचं.

"शनिवारी," ती म्हणाली. "डॅड सोमवारी निघणार आहे. शनिवारी नॅन चॅपेलमध्ये कॉफीला जाते. आमच्या स्वयंपाकघरात, आमचं मशीन. शर्ट आत, बोट बटणावर, बटण दाबलं, ड्रम फिरला. सोमवारी कॅमेरा परत द्यायचाय, म्हणजे शनिवारच."

"आजीला विचारणार?"

"नंतर."

पण समुद्राला कुठला सोमवार. आठवड्याच्या मध्याला वादळ येणार म्हणून कप्तानाने बोट आधीच काढायचं ठरवलं, आणि शनिवारी पहाटे त्याला बोटीवर नेणारी व्हॅन दारात उभी राहिली. क्रेगने बूट चढवले, पिशवी उचलली आणि नेहमीसारखं "बरं तर मग" म्हणाला. कोणी टाटा केला नाही. त्याने आदल्या दिवशी घातलेला चौकड्यांचा शर्ट टोपलीत तसाच राहिला. नॅनने त्यावर टॉवेल झाकला.

रोवन कॅमेरा आणि स्टँड घेऊन बसमधून उतरला तेव्हा नेल थांब्यावरच उभी होती.

"डॅड गेला. आज पहाटे."

रोवनला दोन क्षण लागले. मग त्याने स्टँड खाली ठेवला. "म्हणजे आज नाही."

"आजच. उद्या नॅन दिवसभर घरात असते आणि परवा कॅमेरा द्यायचाय. शुक्रवारी मी त्या झाडीत मरणार नाहीये."

"पण मग मशीन..."

"मशीन फिरणार नाही." हे ती बोलून गेली आणि बोलल्यावर तिला स्वतःलाच उजाडल्यासारखं झालं. "फिरायला नकोच आहे ते. रोवन, ट्रेलरमध्ये भूत कधी दाखवतात का? दाखवलं की संपलं. आपण बोट बटणापर्यंत नेऊ. तिथे पडदा काळा. मग गुरुवारचा आवाज. बस्स."

नॅन चॅपेलला गेली होती. त्यांनी कॅमेरा टेबलावर लावला. नेलने टोपलीवरचा टॉवेल काढला, हा पहिला शॉट. शर्ट उचलला, दुसरा. तो अजून बापाच्या वासाचा होता. तिने तो ड्रममध्ये टाकला, दार लावलं, खट्. मशीनचा हिरवा दिवा लागायला हवा होता, म्हणून प्लग लावलेला. फक्त बटणाला बोट टेकवायचं होतं.

"तुझा हात थरथरतोय," रोवन कॅमेऱ्यामागून म्हणाला. "मस्त दिसतंय."

"मी काही करत नाहीये," नेल म्हणाली.

ती खरंच काही करत नव्हती. ही नुसती एक कळ आहे, हे तिला कळत होतं. समुद्राला इथली कळ दिसत नाही, हेही कळत होतं. तरी बोट त्या बटणापाशी नेताना तिला वाटत होतं की आपण बापाच्या गळ्याशी बोट नेतोय. पुन्हा घेऊ, रोवन म्हणाला. पुन्हा घेतलं. पुन्हा.

मागचं दार उघडलं आणि नॅन आत आली. तिचं कॉफीत लक्ष लागलं नव्हतं. त्या दिवशी तिचं कशातच लागत नसे. तिने दिवा पाहिला, काचेमागचा चौकड्यांचा शर्ट पाहिला, बटणावरचं नातीचं बोट पाहिलं.

ती ओरडली नाही. तिचा चेहरा आधी जागच्या जागी थिजला आणि मग एकदम म्हातारा झाला. दुधाची बाटली तिने हळूच टेबलावर ठेवली, अगदी जपून. मग चालत आली, नेलचं मनगट धरून बाजूला केलं, भिंतीतला प्लग उपटला आणि मशीनच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. नेल लहानपणी बसायची, अगदी तशीच. फक्त ती उभी होती.

इतकी वर्षं तिला वाटत होतं की या घरात एवढं घाबरणारी आपण एकटीच.

"नॅन, मी दाबणार नव्हते. शप्पथ. मी कधीच..."

"त्या मुलाला घरी पाठव," नॅन म्हणाली. "आणि तू बाहेर जा जरा. मला बसू दे."

दोघं थांब्यावर आले. बस दिसल्यावर रोवन म्हणाला, "कॅमेरा चालू होता, नेल. सगळं आलंय त्यात. मी पुसून टाकू का?"

"नको," नेल म्हणाली. "पण तिला दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही."

रविवारी जेवण झाल्यावर नेलने लॅपटॉप टेबलावर ठेवला. तिने ठरवलं होतं की नॅन नाही म्हणाली तर सगळं पुसायचं आणि शुक्रवारी निमूट झाडीत मरायला जायचं. नॅनने चष्मा लावला. आधी तिचाच आवाज आला, रोवनला झापणारा. "मी अशी बोलते?" ती म्हणाली. मग टोपली, टॉवेल, शर्ट, हिरवा दिवा, बोट. मग दार उघडलं आणि ती स्वतःच आत आली. तिने ते पाहिलं, आणि परत लावायला सांगितलं.

"ही माझी आई आहे," ती शेवटी म्हणाली. "माझे आजोबा निघाले की आई अशी दिसायची. मी टेबलाखालून बघत असायचे." तिने चष्मा काढून पुसला. "तुला हे कोणाला दाखवायचंय? त्या कॉलेजातल्या पोरांना?"

"हो. ते मागच्या वेळी हसले होते."

"हसले? कशाला?"

"त्यांना माहीत नव्हतं ना, नॅन. आपण कधी कोणाला सांगितलंच नाही."

नॅनने मशीनकडे पाहिलं. "त्यात ते फिरताना दाखवायचं नाही."

"नाहीच फिरत."

"आणि क्रेग आला की त्याला दाखवायचं. फोनवर नाही. इथे, या टेबलावर, बसून." मग ती उठून भांडी घासायला लागली. "आणि माझे केस कसे दिसतायत बघ. सांगितलं असतंस तर विंचरून आले असते."

नेल आणि रोवन आठवडाभर कॉलेजच्या एडिटिंगच्या खोलीत बसले. नेलने झाडीवाल्यांचे तिन्ही ट्रेलर आधी नीट पाहिले, कोणता शॉट कुठे तुटतो, शांतता कुठे येते, किंकाळी कुठे. जे त्यांनी मख्खपणे उचललं होतं, ते तिने विचार करून उचललं. किंकाळीच्या जागी तिने नॅनने बाटली टेबलावर ठेवल्याचा बारीकसा आवाज घातला. रोवनला तिथे संगीत हवं होतं. दोघं त्यावरून कडकडून भांडले आणि नेल जिंकली. बुधवारी वारा सुटला. ती खिडकीकडे पाठ करून काम करत राहिली.

शुक्रवारी दिवे मालवले. इमोजेन पुढच्या रांगेत पाय पसरून बसली होती. "धुवायला पडलंय का काही?" कोणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली.

पडद्यावर चहाची किटली. खिडकीबाहेर धुकं. एका बाईचा आवाज, लांबून कशाची तरी धडधड. *माणूस निघाला की टाटा करायचा नाही.* दाराबाहेर जाणारे बूट, आणि हवेत उचललेला, न हललेला एक हात. तो हात रोवनचा होता, पण ते कोणाला कळलं नाही. *मागे बोलवायचं नाही.* टेबलावर विसरलेल्या किल्ल्या. *आणि तो गेला त्या दिवशी धुणं करायचं नाही.* टोपली. टॉवेल. *का, ते विचारू नकोस.* टॉवेल काढणारा हात.

वर्गातली खसखस कधी थांबली ते नेलला कळलं नाही. शर्ट, दार, खट्, हिरवा दिवा. थरथरत जाणारं बोट. दार उघडलं. नॅनचा चेहरा. बाटली टेबलावर टेकली.

पडदा काळा झाला. आणि त्या काळ्यात ड्रम फिरायला लागला. आधी हळू, पाण्याचा खळखळाट, मग जोरात, मग ते जुनं मशीन हादरत हादरत पुढे पुढे येऊ लागलं. दिसत काहीच नव्हतं. आवाज मात्र थांबेचना.

"बंद करा ना ते!" इमोजेन म्हणाली. हसून नाही. तिने पाय खुर्चीवर वर ओढून घेतले होते.

आवाज तुटला. पांढरी अक्षरं आली: *निघायच्या दिवशी.* दिवे लागले तरी कोणी हललं नाही. मिस लोमॅक्सने जॉनर विचारलाच नाही. तिचा चहा हातातच राहिला होता.

मागच्या रांगेतून एका मुलाने, साबणाची जाहिरात म्हणणाऱ्यानेच, घसा साफ केला. "मग तो परत येतो का?"

सगळ्यांनी नेलकडे वळून पाहिलं. नेलला वाटलं होतं की ती जिंकल्यावर उड्या मारेल. तिला बुधवारचा वारा आठवला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "अजून आला नाही."

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. काय झकास ओळ आहे, पोस्टरवर हीच टाक, कोणीतरी ओरडलं. फक्त रोवनने टाळी वाजवली नाही. त्याने बाकाखालच्या लोखंडी दांडीला हात लावला.

क्रेग पुढच्या आठवड्यात आला. दाढी वाढलेली, डोळे लाल, डिझेल आणि माशांच्या वासाने घर भरून गेलं. नॅनने त्याला आंघोळ करू दिली, जेवू दिलं आणि मग खुर्चीकडे बोट दाखवलं. "बस. तुझ्या पोरीने काहीतरी केलंय."

त्याने पाहिलं. वर्गापेक्षा हा एक प्रेक्षक नेलला जड गेला.

"हे असं असतं?" त्याने आईला विचारलं. "मी गेल्यावर?"

"असंच असतं."

"दर वेळी?"

"तू पंधरा वर्षांचा होतास तेव्हापासून दर वेळी."

क्रेगने तोंडावरून हात फिरवला. "मला वाटायचं, मी गेलो की तुम्ही दोघी टीव्ही लावून मजेत बसत असाल. मी बोटीवर सगळ्यांना तसंच सांगतो." त्याने नेलकडे पाहिलं. "तूही?"

नेलने मान डोलावली. त्याने तिला जवळ ओढून डोक्यावर हनुवटी टेकवली, आणि नॅनने उगाचच किटली परत भरली.

पुढच्या वेळी निघायच्या आदल्या संध्याकाळी क्रेगने नॅनला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आत मशीन धडधडत राहिलं. दोघी पुढच्या खोलीत टीव्ही लावून बसल्या आणि टीव्हीकडे कोणीच बघत नव्हतं. "लोकरीचं गरम पाण्यात घालेल हा," नॅन पुटपुटली, पण उठली नाही.

पहाटे व्हॅन आली. बरं तर मग, क्रेग म्हणाला. तो वळून न बघता गेला आणि त्यांनी टाटा केला नाही. नेल नेहमीसारखी थंड जमिनीवरून अनवाणी स्वयंपाकघरात आली. मळक्या कपड्यांची टोपली मागच्या पायरीवर उपडी घातलेली होती, धुऊन वाळत टाकल्यासारखी. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर त्याचं सगळं होतं, चौकड्यांचा शर्ट, पायमोजे, काल रात्रीपर्यंत अंगात असलेला बनियन, आणि सगळ्यांत शेवटी, बोटभर आटलेला नॅनने विणलेला स्वेटर. मशीनचं दार सताड उघडं होतं. प्लग काढून वर ठेवला होता, वायर नीट गुंडाळून.

नॅनही मागे येऊन उभी राहिली. धुवायला घरात काहीच उरलं नव्हतं. तिने टॉवेल हातात घेतला होता, तो तिने परत घडी करून ठेवला.

"स्वेटर पार वाया घालवला गाढवाने," ती म्हणाली आणि त्याची बाही ताणून सरळ केली.

नेलने रेडिओ लावला.